ट्रॅव्हलर बदल, रिंग ठेव

थंड असताना गाडी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. काळाचौकीहून निघायचं, फ्रीवेने चेंबूर गाठायचं, आणि पेट्रोल भरायला इंजिन बंद केलं की संपलं. स्टार्टर नुसता फिरत राहायचा. पंपावरून ढकलून कडेला घ्यायची, बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबायचं. इंजिन निवलं की ती पुन्हा सुरू. रोटरी इंजिनवर काम केलेल्या कुणालाही एवढं लक्षण सांगा, तो आधी कॉम्प्रेशनचाच, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते त्याचा, आकडा विचारेल. तो आकडा माझ्याकडे होता आणि तो वाईट होता. दोनच महिन्यांपूर्वी हे इंजिन मी स्वतः उघडून, रबरं तेवढी नवी टाकून, बाकी सगळी जुनी सीलं परत घालून बांधलं होतं.

गाडी माझदा आरएक्स-७, १९८८ची. माझदा कंपनीने आपल्याकडे मोटारकार विकल्याच नाहीत. कुणी परदेशातून परतताना सामानाबरोबर आणलेल्या मोजक्याच गाड्या इथे आहेत, त्यातली ही एक. माझ्या हाती आली तेव्हा ती दोन पावसाळे नुसती उभी होती. मुंबईत उभ्या गाडीचं काय होतं ते सांगायला नको. जुलै-ऑगस्टची ओल सायलेन्सरच्या वाटेने थेट इंजिनात शिरते.

ज्यांनी हे इंजिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. तो त्रिकोण म्हणजे रोटर. त्याचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन फेरे होतात. या गाडीच्या १३बी इंजिनात असे दोन रोटर, प्रत्येक चेंबर ६५४ सीसी. पिस्टनला जे काम रिंगा करतात ते इथे सीलांनी करायचं. रोटरच्या तीन टोकांवर तीन ॲपेक्स सील, म्हणजे २ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या, खाली स्प्रिंग. दोन्ही बाजूंच्या तोंडांवर कमानीसारखी वाकलेली सहा साइड सील. टोकाची पट्टी आणि कमानी जिथे भेटतात तिथे गोल कॉर्नर सील, तीही सहा. शिवाय तेल अडवायला आतल्या बाजूला चार ऑइल सील. दोन रोटरची मिळून अडतीस नग, स्प्रिंगा आणि रबरं वेगळी. या अडतीसातलं एक जरी आपल्या खाचेत अडकून बसलं तरी इंजिन ते लपवत नाही.

लपवत नाही म्हणजे कसं? साधा कॉम्प्रेशन गेज घ्यायचा, त्याच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह काढून टाकायचा आणि प्लगच्या जागी लावायचा. व्हॉल्व्ह ठेवला तर काटा तिन्ही चेंबरमधला सगळ्यात चांगला आकडा धरून बसतो आणि आपण फसतो. काढला की काटा तीन वेगवेगळे झटके देतो. मी मोबाइलवर त्याचा स्लो मोशन व्हिडिओ घेतो आणि आकडे वहीत उतरवतो. मॅन्युअलप्रमाणे स्टार्टरने मिनिटाला २५० फेरे होत असताना चौरस सेंटिमीटरला किमान ६ किलो दाब हवा, आणि एका रोटरच्या तीन चेंबरमधला फरक दीड किलोपेक्षा जास्त नको. गाडी आली तेव्हा पुढचा रोटर सव्वासहाच्या आसपास होता. मागचा ६.१, ३.६, ३.९. शेजारशेजारचे दोन चेंबर पडले आणि तिसरा बरा, म्हणजे दोष त्या दोघांच्या मधल्या ॲपेक्स सीलचा. साइड सील गेलं असतं तर एकच चेंबर पडला असता. उघडल्यावर तेच निघालं. पट्टी कार्बनमध्ये घट्ट जाम, स्प्रिंग खाली दबलेली.

त्या पहिल्या वेळी मी जे केलं ते कुणी करू नये, म्हणून लिहितो. परदेशातून पूर्ण सेट मागवायचा तर किंमत, वर कस्टम ड्युटी आणि दीड-दोन महिने वाट. मोकळं केलेलं सील हातात घेतलं तर सरळ दिसत होतं, चमकत होतं. मागच्या रोटरची सगळी सीलं रॉकेलच्या एकाच टबात टाकली, ब्रशने धुतली, वर्तमानपत्रावर वाळत घातली. कुठलं कुठल्या खाचेतलं हे तिथेच हरवलं. पुढच्या रोटरच्या वेळी निदान क्रम लावून ठेवला. मागचा मात्र अंदाजाने बांधला. मायक्रोमीटर पेटीतून काढलाही नाही. बांधल्यावर थंड इंजिनावर साडेसहापर्यंत आकडे आले, मी खूश. गरम झाल्यावर पुढे ५.९ आणि मागे ५.४, ४.३, ४.१. थंड असताना घट्ट तेल भेगा भरून काढत होतं, गरम होऊन ते पातळ झालं की झिजलेल्या सीलांची खरी अवस्था समोर येत होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तोवर या कामापासून लांबच होते. ते गिरणीत फिटर होते, रिंग फ्रेमवर. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली, पुढे आयुष्यभर वेगवेगळ्या वर्कशॉपांत त्यांनी कानस धरली. कॉटन ग्रीनला माझ्या मित्राच्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये मी दुसऱ्यांदा इंजिन उतरवलं त्या रविवारी ते सोबत आले. फ्लायव्हीलचा ५४ मिमीचा नट सोडवायला पाच फुटी पाइपच्या टोकावर दोघांनी वजन टाकलं तेव्हा तो हलला.

हाउसिंग सुटल्यावर अण्णांनी एक ॲपेक्स सील उचललं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरलं, मग हाउसिंगच्या आतल्या क्रोमवरून अंगठ्याचं नख फिरवलं. म्हणाले, “हा तुझा ट्रॅव्हलर, आणि ही रिंग.”

रिंग फ्रेमवर सूत कातताना पोलादी रिंगेवरून एक इवलीशी वाकडी क्लिप भन्नाट वेगाने धावते, तिला ट्रॅव्हलर म्हणतात. घासून, तापून ती संपते, आणि ती संपायच्या आधीच ठरल्या दिवशी सगळ्या फ्रेमच्या बदलून टाकायच्या. रिंगा वर्षानुवर्षं तशाच. “ट्रॅव्हलर वाचवायला जाशील तर रिंग खाशील,” अण्णा म्हणाले. “आम्ही ट्रॅव्हलर बदलायचो आणि रिंग ठेवायचो.”

मी विचारलं, “मग अण्णा, बाकीची सगळी पण बदलायची का?”

“सगळी कशाला? मोज की अगोदर.”

तो रविवार आणि पुढचे तीन रविवार आम्ही मोजण्यात घालवले. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन मोठे त्रिकोण काढले, पुढचा आणि मागचा, दोन्हींच्या दोन्ही बाजू. प्रत्येक खाचेच्या जागी चीर पाडून निघालेलं सील तिथे खोवलं. छोटे नग आईच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, वाटीवर मार्करने आकडा. हे नुसत्या टापटिपीसाठी नव्हतं. ॲपेक्स सील त्याच्या खाचेच्या एका भिंतीला रेलून चालतं आणि त्याच बाजूने घासून गुळगुळीत होतं. माथाही त्याच्या त्याच्या कलाप्रमाणे झिजतो. ते उलटं घातलं किंवा दुसऱ्याच्या खाचेत घातलं की जुना मेळ मोडतो आणि नवा बसायला सीलात जीव उरलेला नसतो. माझ्या मागच्या रोटरचं नेमकं हेच झालं होतं. तिथल्या एका सीलाच्या माथ्यावर दोन वेगवेगळ्या कलांच्या चकाकत्या रेघा होत्या, एक जुनी, एक माझ्या दोन महिन्यांची.

नवं ॲपेक्स सील ८ मिमी उंच असतं. आमची सहा मोजली, प्रत्येक तीन ठिकाणी. पाच ७.३ ते ७.४ भरली. मागचं जाम झालेलं एका टोकाला ७.३ आणि दुसऱ्या टोकाला ७.०. मॅन्युअल याहूनही खाली जाऊ देतं, त्यामुळे कागदावर सहाच्या सहा पास होती. पण उंची हा एकच आकडा नव्हे. सील आणि खाच यांच्यातली फट ०.१५ मिमीपर्यंत चालते. मागच्या दोन खाचांत जुन्या सीलाबरोबर ती ०.१३, ०.१४ भरली, आणि नवं सील घालून पाहिलं तर ०.०९. म्हणजे खाच ठीक, झिज सीलाच्या अंगाची. मग दोन-दोन सीलं तोंडाला तोंड लावून उजेडात धरली. सरळ असतील तर मधून उजेड जात नाही. तीन जोड्यांतल्या एकीत मधोमध बारीक चंद्रकोर दिसली. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेशेजारी ठेवल्या तर जुन्यांची कमान डोळ्यांना कळण्याइतकी बसलेली. ॲपेक्स सील आणि त्यांच्या स्प्रिंगा नव्या घालायच्या यावर मग दुमत राहिलं नाही.

ॲपेक्स सीलाने भल्याभल्यांना दमवलेलं आहे. माझदाने १९६७मध्ये कॉस्मो ही रोटरी इंजिनाची गाडी बाजारात आणली त्याआधी त्यांच्या इंजिनियरांना हाउसिंगच्या आत लाटांसारखे ओरखडे सापडत, त्याला ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील थरथरत धावल्याने ते पडायचे. कार्बन आणि ॲल्युमिनियमची सीलं केल्यावर ते सुटले. त्याच वर्षी आलेल्या, जर्मनीच्या एनएसयू कंपनीच्या आरओ-८० या रोटरी गाडीला ही सीलंच भोवली. वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी टेकीला आली आणि १९६९मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आपल्याकडेही हे इंजिन परकं नाही. नगरच्या व्हीआरडीई आणि बंगळूरच्या एनएएल या सरकारी संशोधन संस्थांनी मिळून निशांत या बिनवैमानिक विमानासाठी व्हँकेल, म्हणजे याच जातीचं रोटरी, इंजिन बनवलं आणि २००९मध्ये ते उडालं. हे अण्णांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सील कशाचं केलं रे त्यांनी?” मला उत्तर देता आलं नाही.

हाउसिंगवर ओरखडे नव्हते. क्रोम एका कडेला, प्लगच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं उडालेलं होतं, सीलाच्या वाटेबाहेर. रिंग ठेवली.

आता साइड सीलं. इथे जुनी परत वापरण्यात शहाणपण आहे असं माझं मत बनलं, आणि ते अजून बदललेलं नाही. साइड सील बाजूच्या बिडाच्या पाटावर घासतं. पाट आणि सील एकमेकांना ओळखून बसलेले असतात. पाटावरची झिज आम्ही डायल गेजने तपासली, जास्तीत जास्त ०.०४ मिमी, मर्यादा ०.१० आहे. अशा पाटावर जुनं, बसलेलं, त्याच खाचेतलं साइड सील पहिल्या दिवसापासून धरतं. त्याची झिज बघायची ती टोकांना. सील खाचेत बसवायचं, एका टोकाकडे सरकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कॉर्नर सीलपर्यंतची फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांनी, मोजायची. नवीन बांधणीत ०.०५ ते ०.१५ असते, ०.४०च्या पुढे गेली तर ते सील बाद. आमच्या बारांपैकी नऊ ०.१२ ते ०.२२मध्ये बसली. दोन ०.२८. मागच्या रोटरचं एक ०.४६.

सेट मागवताना मी तीन साइड सीलं जास्त घेतली होती. ती मुद्दाम लांब येतात, घासून बसवायची असतात. हे काम अण्णांचं. त्यांनी व्हाइसच्या जबड्यांना तांब्याचा पत्रा लावला. बारीक कानसेवर आधी शाळेतला खडू घासला, म्हणजे लोखंडाचा कीस दातांत अडकून टोकाला ओरखडा पडत नाही. सीलाचं टोक सरळ कापून चालत नाही, कॉर्नर सीलाच्या गोलाईला मिळेल अशी खोलगट कड हवी. म्हणून शेवटची घासणी कानसेने नाही केली. बाद झालेल्या कॉर्नर सीलावर पॉलिश पेपर गुंडाळला आणि त्यावर टोक फिरवलं. दोन फेऱ्या, खाचेत घालून बघ, फिलर गेज, पुन्हा दोन फेऱ्या. ०.०५चं पान जेमतेम गेलं, ०.१०चं अडलं, तिथे थांबले. त्या एका सीलाला सव्वा तास लागला. त्यांचे हात आता पाण्याचा पेला उचलताना थरथरतात. कानस धरल्यावर नाही.

०.२८वाल्या दोघांवरून आमचं वाजलं. अण्णा म्हणाले, आहेत तर बदल. मी म्हटलं, मॅन्युअलच्या आत आहेत, पाटावर बसलेली आहेत, राहू दे. शेवटी एक बदललं, एक ठेवलं. ठेवलेलं कुठल्या खाचेत आहे ते वहीत लाल शाईने लिहिलं.

कॉर्नर सीलं सगळी जुनीच, फक्त आतले रबरी बुच नवे. जुने नखाने दाबले तर काचेसारखे कडक. ऑइल सीलांच्या धारेची रुंदी अर्ध्या मिमीच्या आत हवी. भिंगाखाली आठही तीन-साडेतीन दशांशाच्या आसपास भरली. ठेवली, त्यांच्या रबरी रिंगा नव्या. पाण्याची रबरी सीलं जुनी वापरायचा विचारसुद्धा मी करत नाही. ती चपटी होऊन बसलेली असतात, आणि एकदा पाणी चेंबरमध्ये उतरलं की वरचं सगळं मोजमाप फुकट. नागदेवी स्ट्रीटला एका दुकानात व्हिटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराची दोरी कापून जोडून देतो म्हणाले होते. दुकानदार भला माणूस होता, पण जोड असलेलं सील तिथे घालायला माझं मन धजलं नाही.

बांधणी मे महिन्यात आली, ७ जूनच्या आत गाडी त्या गळक्या शेडमधून बाहेर काढायची होती. रोटरी बांधताना सीलं जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन लावतात. मुंबईच्या मे महिन्यात दुपारी ते तेल होतं. पहिल्या दिवशी रोटर उचलून हाउसिंगमध्ये उतरवतोय तोच खालच्या बाजूची दोन कॉर्नर सीलं टपटप खाली पडली. एक शाफ्टच्या बाजूने आत गेलं आणि ते शोधायला सगळं परत काढावं लागलं. मग डबी आईच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवली, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यातून शेडवर नेली आणि काम पहाटे पाच ते आठ असं लावलं. त्या वेळात घट्ट व्हॅसलीनमध्ये सील रुतून बसायचं. मागचा पाट, रोटर, हाउसिंग, मग वरून तीन नवी ॲपेक्स सीलं, त्यांच्या स्प्रिंगा आणि टोकाचे तिकोनी तुकडे. मग शाफ्ट, मधला पाट, आणि पुढच्या रोटरचं तेच. प्रत्येक सील बोटाने दाबून सोडायचं, ते उसळून वर आलं पाहिजे. एकही न चुकवता. लांब बोल्ट क्रमाने आवळले, शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकायची मोकळीक, ०.०५ मिमी आला. तो ०.०४ ते ०.०७ हवा असतो, शिम बदलावी लागली नाही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा व्हॅसलीन जळून एवढा पांढरा धूर झाला की पलीकडच्या गोडाऊनमधले हमाल पाण्याची बादली घेऊन धावत आले. दहा मिनिटांत धूर सरला. पहिले हजार किलोमीटर ४,००० फेऱ्यांच्या वर नेलं नाही, पेट्रोलमध्ये लिटरमागे ५ मिली टू-टी ऑइल घातलं. ते मी अजूनही घालतो. या इंजिनात सीलांना तेल पाजायला पंप असतो, पण पस्तीसहून जास्त वर्षांच्या पंपावर मी सगळा भार टाकणार नाही.

हजार किलोमीटरनंतर गरम इंजिनावर मोजलं. पुढे ७.५, ७.४, ७.६. मागे ७.५, ७.४, ७.०. ते ७.० म्हणजे लाल शाईने लिहिलेली खाच. अण्णांना वही दाखवली. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि वही परत दिली.

त्याच दिवशी चेंबूरला जाऊन पेट्रोल भरलं. इंजिन बंद केलं, पैसे दिले, चावी फिरवली, पहिल्या सेल्फला चालू. तिथून वाशीपर्यंत गेलो, खाडीपुलाच्या पलीकडे गाडी बंद करून पुन्हा दोनदा चालू करून बघितली.

त्या चेंबरचा आकडा मी दर सहा महिन्यांनी घेतो. गेल्या वेळी ६.९ होता. उरलेलं एक नवं साइड सील तेल लावून, कागदात गुंडाळून मिसळणाच्या डब्यात ठेवलं आहे. साडेसहाच्या खाली गेला की उघडणार, अण्णांशी तसं ठरलंय.